थांब्याजवळचे झटके

काकांनी एकतीस वर्षं बस चालवली. डेपोत त्यांना कुणी नावाने हाक मारत नसे. सगळे 'पाळणा' म्हणत, कारण त्यांच्या बसमध्ये बसलेला माणूस तिसऱ्या थांब्यापर्यंत पेंगायला लागायचा. उभ्या प्रवाशाला दांडा धरावा लागू नये, एवढंच त्यांना नोकरीकडून हवं होतं. ते नोकरीने दिलं नाही. त्यांनी स्वतःच मिळवलं.

त्रेपन्नाव्या वर्षी डावा डोळा अधू झाला. तपासणीत नापास झाले. डेपोने त्यांना टायरांच्या गोदामात नोंदी करायला बसवलं. "आता टायरांना वाचून दाखवतो," असं सांगायचे आणि स्वतःच हसायचे. वर्षभराने त्यांनी तेही सोडलं.

मी त्यांच्या मुलीची मैत्रीण. ती नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेली. मागे तिचा कॉम्प्युटर राहिला आणि मी राहिले. मी साहित्यात एम. ए. केलं होतं आणि नोकरी शोधत होते. दुपारी त्यांच्याकडे जायचे. काकू दार उघडताना आत वळून सांगायच्या, "अहो, तुमच्यासारखी दुसरी बिनकामाची आली."

त्या कॉम्प्युटरवर बस चालवण्याचा एक खेळ होता. मुलीने वडिलांना खेळासाठी स्टिअरिंग आणि पायाशी ठेवायचे पेडल पाठवले होते. काकांनी स्टिअरिंग जेवणाच्या टेबलाला स्क्रूने आवळलं होतं. बसायला स्वयंपाकघरातलं लाकडी स्टूल घेतलं होतं. ड्रायव्हरची सीट मऊ असली की लक्ष मऊ होतं, असं त्यांचं म्हणणं. आणि ते बूट घालून चालवायचे.

"घरात बूट?" काकू ओरडायच्या.

"अनवाणी पायाला ब्रेक कळत नाही गं."

"मग मला घरातल्या घरात तिकीट फाडून द्या, म्हणजे झालं."

एके दिवशी डेपोच्या प्रशिक्षण केंद्राच्या प्रमुखांचा फोन आला. नवी मुलं ब्रेकवर उभीच राहतात, म्हणाले. काकांनी खेळात बस चालवून दाखवावी, चालवताना समजावून सांगावं, त्याचे चार व्हिडिओ करून द्यावेत. मुलांना पटलं तर शिकवायला बोलावू. त्या कामाला डाव्या डोळ्याची अट नव्हती.

दुसऱ्या दिवशी मी गेले तेव्हा काकांची दाढी केलेली होती. नोकरी सुटल्यापासून त्यांना तसं मी पहिल्यांदाच पाहिलं. डेपोच्या फाटकातून परत आत जायला मिळेल, याचीच ती तयारी होती.

रेकॉर्डिंग माझ्यावर आलं. "तू शिकलेली आहेस," काका म्हणाले. मी वृत्तं आणि अलंकार शिकले होते. रेकॉर्डिंगचा एक प्रोग्राम उतरवून घेतला. त्यात जागोजाग पर्याय होते. जिथे 'सर्वोत्तम' लिहिलं होतं तिथे मी सर्वोत्तम निवडलं. रेकॉर्डिंग सुरू केलं की प्रोग्रामच्या खिडकीच्या तळाशी एक लाल ओळ उमटायची. लाल ओळ मला आवडली नाही. मी ती खिडकी लहान करून ठेवली.

काकांनी पहिल्या दिवशी पाच थांबे घेतले. मी त्यांच्या खांद्यामागे उभी होते. पडद्यावरची बस तुपासारखी चालली होती. "थांबा दिसला की ब्रेक शोधायचा नाही," ते त्या न दिसणाऱ्या मुलांना सांगत होते. "आधी पाय उचलायचा. बसला कळू द्यायचं की आपण आता थांबणार आहोत."

मग आम्ही रेकॉर्डिंग लावलं. मोकळ्या रस्त्यावर ठीक होतं. थांबा जवळ आला आणि बसला उचकी लागली. अडखळली, उडी मारून पुढे गेली, पुन्हा अडखळली. पाचही थांब्यांना तसंच.

काकांनी ते दोनदा पाहिलं.

"चालवताना तुला असं दिसलं?"

"नाही."

"मलाही नाही." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ड्रायव्हरला झटका कळतच नाही. मागच्या बाकावरच्याला कळतो. हे मागच्या बाकावरून दिसतंय."

यावर मला काहीतरी सुचायला हवं होतं. निदान मला माहीत नाही एवढं तरी. मी म्हणाले, "असेल काका. वयाप्रमाणे पायात थोडा फरक पडतोच."

हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं. तेव्हा मला ते हळुवार वाटलं होतं.

पुढचे तीन आठवडे काका सराव करत होते. ब्रेक इतका हलका दाबायला लागले की बस थांबा सोडून पुढे जायची. जेवताना टेबलाखाली उजवा पाय हलायचा. काकूंनी मला एकदा बाजूला घेऊन विचारलं, "पायाला काही झालंय का गं यांच्या? ओट्याशी उभे राहूनसुद्धा फरशी दाबतात." मी नाही म्हणाले. नऊ रेकॉर्डिंग झाली. नऊही तशीच. झटके नेमके थांब्यांपाशी. त्यामुळे काकांची खात्री पटत गेली. माझीही.

एका रविवारी त्यांचे जुने कंडक्टर आले. दोघांनी एकोणीस वर्षं एका बसवर काढली होती. कौतुकाने म्हणाले, "दाखव बघू तुझी शाळा." काका नको म्हणत असताना मीच लावून दिलं.

दुसऱ्या थांब्याला कंडक्टर मांडीवर थाप मारून हसले. "अरे पाळण्या, दोरी तुटली की काय तुझी? सिंगल मारू का बेल, उतरतो मी!"

काकाही हसले. मग चहा टाकतो म्हणून आत गेले. काकू घरात असताना त्यांनी कधी चहा टाकला नव्हता. बराच वेळ ते बाहेर आले नाहीत. कंडक्टर मनगटावरचं घड्याळ उगाच फिरवत बसले.

मंगळवारी मी गेले तर टेबल मोकळं होतं. स्टिअरिंग खोक्यात गेलं होतं. वायर व्यवस्थित गुंडाळून दोऱ्याने बांधलेली.

"प्रमुखांना कळवलं," काका म्हणाले. "पाय गेला म्हणून सांगितलं. मुलांना चुकीचं शिकवण्यापेक्षा बरं. तू तेवढे ते व्हिडिओ पुसून टाक. मुलगी सुट्टीला आली की बघत बसेल."

ते गॅलरीत जाऊन बसले. मी एकेक फाइल उघडून पुसू लागले. सहावी फाइल उगाच लांब होती. त्या दिवशी मध्येच दाराची बेल वाजली होती, काका उठून गेले होते आणि मी रेकॉर्डिंग बंद करायला विसरले होते. पडद्यावर बस थांब्यावर उभी होती. ड्रायव्हरच्या जागी कुणी नव्हतं. फुटपाथवरून खेळातली माणसं चालली होती. एक पिशवीवाली बाई चालता चालता गोठली आणि एकदम तीन पावलं पुढे उगवली. मग पुन्हा गोठली.

बस उभी होती. पेडलवर कुणाचाच पाय नव्हता.

मी ती प्रोग्रामची खिडकी मोठी केली. रेकॉर्डिंग सुरू केलं. लाल ओळ आली. मी ती पहिल्यांदा वाचली. साध्या भाषेत लिहिलं होतं की प्रोसेसरला हे काम झेपत नाही, दर्जा कमी करा. शेजारी एक आकडा होता. थांब्यावरच्या गर्दीत व्हिडिओतल्या शंभरातल्या अठरा फ्रेम, म्हणजे एकेक चित्रं, गळत होत्या. खेळात गर्दी वाढली की प्रोसेसरवर ताण यायचा, आणि गर्दी असायची ती थांब्यांवर. वर मी निवडलेलं 'सर्वोत्तम' रेकॉर्डिंगही त्याच प्रोसेसरच्या डोक्यावर होतं. काकांना पडद्यावर सगळं सरळ दिसायचं. फक्त फाइलमध्ये फ्रेम गळायच्या.

रेकॉर्डिंगचं काम मी प्रोसेसरकडून काढून पडद्यावरची चित्रं काढणाऱ्या ग्राफिक्स कार्डाकडे दिलं. त्यासाठी कार्डात वेगळी सोय होती, ती महिनाभर रिकामी बसून होती. खेळाचा वेग सेकंदाला साठ फ्रेमवर बांधला, म्हणजे कार्डालाही श्वास घ्यायला जागा राहील. दर्जा एक पायरी खाली आणला. पुन्हा रेकॉर्ड करून पाहिलं. बाई आपली सगळी पावलं चालत गेली. गळलेल्या फ्रेम शून्य. याला वीस मिनिटं लागली.

मी गॅलरीत गेले. "काका, कॉम्प्युटरमध्ये बिघाड होता. झाला दुरुस्त. तुमचा पाय चांगला आहे."

तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं होतं. पण त्यांचा जन्म वर्कशॉपच्या मिस्त्रींशी हुज्जत घालण्यात गेला होता.

"कसला बिघाड?"

"सेटिंगचा."

"ते आपोआप बिघडतं?"

"नाही."

"मग?"

"मी केलं होतं. पहिल्या दिवसापासून. तिथे लाल ओळ येत होती, त्यात लिहिलेलं होतं सगळं. मी वाचली नाही."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नव्हे. त्यांना खरंच कळेना.

"तू वाचली नाहीस?"

मी मानेनेच नाही म्हटलं.

"आणि ते पायाचं म्हणालीस ते?"

"ते उगाच. काहीतरी बोलायचं म्हणून."

त्यांनी उजव्या गुडघ्यावर हात ठेवला. आता ओरडतील म्हणून मी उभी होते. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"एकतीस वर्षं चालवली," ते हळू म्हणाले. "तू एकदा म्हणालीस, आणि मी फोन करून सांगितलं की माझा पाय गेला. पायाला विचारलंसुद्धा नाही. लाज मला वाटायला पाहिजे."

"दोघं वाटून घ्या," आतून काकू म्हणाल्या. "भरपूर आहे."

कुणी हसलं नाही.

फोन मी लावला. ते माझंच काम होतं. प्रमुखांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, माझं ते वाक्यसुद्धा. काका समोर बसून ऐकत होते. पलीकडून प्रमुख म्हणाले, "अहो, पण मी कालच दुसऱ्या माणसाला हो म्हटलं. ही तुकडी आता त्याची. पुढची तीन महिन्यांनी सुरू होईल. पाठवा काय असेल ते. पाहू."

'पाहू' म्हणजे काय, ते मी साहित्यात न शिकताही जाणत होते. मी फोन ठेवला. माफी मागायला तोंड उघडलं.

"ते राहू दे," काका म्हणाले. "स्टिअरिंग लावायला हात दे."

आम्ही खोकं उघडलं. त्यांनी बूट घातले. पाच थांबे घेतले. बोलताना आवाज सुरुवातीला कोरडा होता, मग नेहमीसारखा झाला. रेकॉर्डिंग लावलं. पहिला थांबा, दुसरा, तिसरा. बस अलगद येऊन टेकत होती. चौथ्याला पडद्यावरचे उभे प्रवासी किंचित पुढे झुकले आणि सावरले.

मी घाईने प्रोग्रामच्या खिडकीकडे पाहिलं. गळलेल्या फ्रेम शून्य.

"तिकडे काय बघतेस?" काका म्हणाले. "तो माझा होता. पाय उशिरा उचलला."

"पुन्हा घेऊ या का?"

"कशाला? तिथेच मी काय चुकलो ते बोलतो, ते जोड. मुलांना कळू दे."

ते स्टुलावर सरळ बसले आणि कुठेही न अडखळता स्वतःची चूक सांगू लागले. मी रेकॉर्डिंगचं बटण दाबलं आणि ते संपेपर्यंत त्यांच्याकडे पाहू शकले नाही.