टीव्हीवरचा हिरवा दिवा

सगळे तिला टाचणी म्हणायचे. बायकांचे कपडे शिवायची आणि ओठांत कायम दोन-चार टाचण्या धरून तोंडाच्या एका कोपऱ्यातून बोलायची, म्हणून. तोंडात टाचण्या असताना ही बाई हसायची कशी हे देवच जाणे, पण हसायची, आणि खदखदून हसायची. पुढच्या खोलीत शिलाई मशीन, कापायचं टेबल, भिंतभर आरसा आणि आरशासमोर मोठा टीव्ही. गिऱ्हाईक आलं की पडदे ओढायचे, दाराला कडी लावायची आणि ट्रायल तिथेच घ्यायची. "लाजायचं काय त्यात? इथे मी आणि आरसा," असं ती म्हणायची, आणि बायका तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवायच्या. बाहेर दंडसुद्धा उघडा न टाकणाऱ्या बायका तिच्यापुढे पोट आत ओढायचं सोडून निवांत उभ्या राहायच्या.

आता टीव्हीचं सांगते. नवरा लांबच्या एका बांधकामावर क्रेन चालवायचा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे घरात ती एकटीच. मागच्या सुट्टीत त्याने गेमचं यंत्र आणून टीव्हीला जोडलं आणि टीव्हीच्या माथ्यावर बोटभर कॅमेरा चिकटवला. "तुला करमत नाही ना? मग खेळ. कॅमेऱ्यासमोर उभं राहून व्यायाम करायचा, नाचायचं. आणि आपण दोघं मोठ्या पडद्यावर बोलू." टाचणीला कोण आनंद झाला! लग्नापासून नवऱ्याने आणलेल्या वस्तूंत हीच पहिली, जी स्वयंपाकघरात ठेवायची नव्हती.

व्यायामाला तिने लगेच रामराम ठोकला. वेड लागलं ते गाड्यांच्या शर्यतीचं. दुपारी हातातलं काम संपलं की हेडफोन चढवून बसायची. जोडीदारही इंटरनेटवरच भेटलेला, कुठल्याशा दुसऱ्या गावचा रिटायर्ड बस ड्रायव्हर. गेममधलं त्याचं नाव होतं 'वादळ'. डोंबलाचं वादळ! प्रत्येक वळणावर ब्रेक.

"काका, मागे प्रवासी नाहीत हो, दाबा की!" ती ओरडायची.

"अगं, जन्मभर उभे प्रवासी घेऊन चालवली गाडी. पाय ऐकतच नाही," काका म्हणायचे, आणि दोघं मिळून झकास हरायचे.

एका दुपारी ती एकीच्या गाऊनला कच्चे टाके घालत होती. टीव्ही बंद, गेम बंद. सहज मान वर केली तर कॅमेऱ्याच्या कडेला इवलासा हिरवा दिवा जळत होता. ती बघतच राहिली. थोड्या वेळाने तो आपोआप विझला. आपल्यालाच भास झाला असेल, असं म्हणून तिने सुई पुन्हा हातात घेतली. पण दुसऱ्या दिवशी दिवा परत लागला, आणि या वेळी खोलीत दवाखान्यातली नर्स नुसत्या परकरावर उभी होती. टाचणी उगाचच नर्सच्या आणि टीव्हीच्या मधे जाऊन उभी राहिली. नर्सला काही बोलली मात्र नाही.

संध्याकाळी नवऱ्याला फोन लावला. "अहो, तो दिवा आपोआप लागतो."

"अगं, यंत्रच ते. स्वतःचं स्वतः तपासत असतं. तुला प्रत्येक गोष्टीत काहीतरी दिसतंच."

त्याचं हसणं ऐकून तिच्या जिवात जीव आला. पण शर्यत खेळताना तिने वादळकाकांनाही विचारलं, आणि नेहमी बडबड करणारा तो माणूस भर शर्यतीत गाडी थांबवून बसला. मग म्हणाला, "हे बघ, मला यातलं फार कळत नाही. पण माझ्या नातीने मला एवढं शिकवलंय, की दिवा लागला म्हणजे कॅमेरा चालू. चालू म्हणजे कुणीतरी बघतंय. तू आधी वायर काढ."

झालं! तिची गाडी पडद्यावर कठड्यावर जाऊन आदळली, तरी तिने बटण सोडलं नाही. नवऱ्याला सांगितल्यावर तो मात्र भडकला. "तो म्हाताराच बघत असेल! अनोळखी माणसाशी रोज खिदळतेस, मग दुसरं काय होणार? त्याच्याशी खेळणं आजपासून बंद. आणि वायरला हात लावू नकोस, सगळं यंत्र बिघडेल."

तिला ते पटलं. म्हणजे, भीतीपोटी पटवून घेतलं. वादळकाकांना तिने एका शब्दाने न कळवता गेममधून काढून टाकलं. मग कॅमेऱ्यावर अस्तराची चिंधी टाकली, वरून रिळाचा डबा ठेवला आणि पुन्हा मशीनवर बसली. मन कुठलं लागायला! बाहेर स्कूटर थांबली तरी ती पडदा सारून बघायची. भाजीवाल्याने नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बघितलं की वाटायचं, याने पाहिलं असेल. गिऱ्हाइकांना ती आता स्वयंपाकघरातल्या अडचणीत उभं करून माप घ्यायची आणि "तिकडे उजेड बरा आहे" अशी थाप मारायची. नर्सच्या ड्रेसची बाही चक्क उलटी लागली. अशी चूक तिच्या हातून शिकाऊ असतानाही झाली नव्हती.

चिंधी टाकल्याला थोडे दिवस झाले असतील, नवऱ्याचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाला, "तो कॅमेरा जरा पुसून घे गं. धूळ बसते त्याच्यावर. मागे बोललो तेव्हा तू पडद्यावर नीट दिसत नव्हतीस. आणि आता घाबरू नकोस, म्हातारा गेला ना?" तेही खरंच होतं. तिने चिंधी काढली, कॅमेरा स्वच्छ पुसला, आणि दिवा लागला नाही म्हणून स्वतःलाच वेड्यात काढलं. ट्रायल पुन्हा आरशासमोर सुरू झाली. बिचारीला वाटलं, सुटले एकदाची.

मग तो कोट आला. टाचणी पुरुषांचे कपडे घ्यायचीच नाही, पण शेजारच्या सुनेने सासऱ्यांचा कोट आणला आणि गळच घातली, "एवढा खांद्यात कमी करा ना ताई." कोटाच्या पिशवीत सासऱ्यांची लोकरी टोपीही आली होती. ट्रायलचा पुतळा होता नुसता धडाचा, बिनडोक्याचा. टाचणीने कोट त्याच्या अंगात चढवला, टोपी हरवू नये म्हणून मानेवर अडकवली, आणि उभं राहून पाठ भरून आली म्हणून पुतळा उचलून खुर्चीत ठेवला. टीव्हीकडे त्याची पाठ. स्वतः समोर स्टुलावर बसून ती खांद्याला टाचण्या लावू लागली. पुतळ्याशी बोलायची तिला जुनी खोड. "काय हो सासरेबुवा, एवढे बारीक कशाने झालात? सून जेवायला घालत नाही वाटतं?" असं म्हणून ती आपल्याच विनोदावर खो खो हसली.

फोन वाजला. नवरा. भर दुपारी, कामाच्या वेळी तो कधीच फोन करत नसे. कुणाला काही झालं की काय, असं वाटून तिने धडपडत उचलला.

"कोण आहे तो?"

"कोण कोण?"

"खोटं बोलू नकोस! टोपी घालून बसलाय तो. माझ्या घरात, माझ्या खुर्चीत! आणि तू त्याच्या खांद्याला हात लावून हसत्येस!"

टाचणीने पुतळ्याकडे बघितलं. मग सावकाश मान वळवली. टीव्हीवर हिरवा दिवा जळत होता.

परका माणूस असता तर ती किंचाळली असती, दार उघडून गल्लीत धावली असती. आता धावायचं कुठे? जो धीर देत होता, तोच बघत होता. तिने उठून टोपी काढली आणि पुतळ्याची मोकळी मान कॅमेऱ्याकडे वळवली.

"अगं..." तो म्हणाला. "काळजी वाटते म्हणून. तू एकटी असतेस."

"कधीपासून?"

"बसवला तेव्हापासून. मोबाइलवर दिसतं."

"आणि इथे माझ्या बायका उभ्या राहतात, त्यांचं काय?"

"बाया आल्या की मी बंद करायचो. शपथ."

तिला त्या शपथेवर विश्वास ठेवायचा होता. पण नर्स परकरावर उभी होती तेव्हा तो दिवा किती वेळ जळत होता, ते तिने आपल्या डोळ्यांनी पाहिलं होतं. "ते सगळं साठून राहतं?" तिने विचारलं.

"थोडे दिवस."

"कुठे?"

"ते... कंपनीकडे. इंटरनेटवर. मलाही नक्की माहीत नाही गं."

तिने वायर धरली आणि हिसकली. कॅमेरा जमिनीवर आपटला, दिवा विझला. त्याने काय होणार होतं? जे गेलं होतं ते कुठल्याच शिलाईने परत आवळता येणार नव्हतं.

"कुणाला सांगू नकोस," नवरा आता रडकुंडीला आला होता. "तुझं कामच बंद पडेल. आणि सांगायचंच झालं तर त्या म्हाताऱ्यावर ढकल. म्हणावं, गेममधल्या कुणीतरी केलं. त्याला कुठे कुणी ओळखतं?"

दारावर टकटक झाली. नर्स. उलटी बाही दुरुस्त झाली का ते बघायला ती यायची होती. टाचणीने फोन हातात तसाच धरून दार उघडलं. नर्स हसत आत आली, सवयीने पडदा ओढला आणि ओढणी काढून खुर्चीवर टाकली.

"थांबा," टाचणी म्हणाली. "कपडे बदलू नका. या खोलीत कॅमेरा होता. चालू होता. मागच्या वेळीही. मला दिवा दिसला होता, आणि मी तुम्हाला बोलले नाही."

नर्सने ओढणी पुन्हा छातीशी घट्ट धरली. जमिनीवर पडलेल्या त्या बोटभर वस्तूकडे बघत तिने विचारलं, "कोण बघत होतं?"

फोनमधून बारीक आवाजात "अगं, अगं" चाललं होतं. काम जाणार, घर जाणार, गल्लीत तोंड दाखवायला जागा राहणार नाही, सगळं टाचणीला दिसत होतं.

"माझा नवरा," ती म्हणाली.

नर्स मटकन स्टुलावर बसली. ती ओरडेल, शिव्या देईल, थोबाडीत मारेल, असं टाचणीला वाटलं, आणि तिने ते मुकाट सोसलंही असतं. पण नर्सने आधी दाराकडे बघितलं, मग तिचा हात घट्ट पकडला.

"ताई," ती कुजबुजली, "हे माझ्या नवऱ्याला कळू देऊ नका."