घागर यंदा नवागामला

सुनीता, मी लग्नानंतर दोनच महिन्यांत ह्यांच्यामागे सुरतेला निघाले, तेव्हा तू या घरात धाकटी जाऊ म्हणून आलीही नव्हतीस. नंदुरबारच्या स्टेशनात सासूबाईंनी भाकरीचं गाठोडं माझ्या मांडीवर ठेवलं आणि एवढंच म्हणाल्या, "आखाजीले येजो, पोरी." गाडी हलल्यावर मी रडायला लागले, तर हे म्हणाले, रडतेस काय, घर तर इकडंच आहे, तिकडं नुसती खोली.

ती खोली सुरतेच्या नवागामला. हे पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायचे, मी घरी साड्यांना टिकल्या लावायचे. पुढं खोलीच्या दोन झाल्या, वर मजला चढला, दाराला संगमरवरी उंबरा बसला, पण ह्यांच्या तोंडी कायम खोलीच. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, मात्र आम्ही गावाला असायचोच. मामंजींच्या नावानं घागर भरायची, वर डांगर, म्हणजे इकडचं खरबूज, आंबे, सांजोऱ्या ठेवायच्या, गेलेल्या एकेकाचं नाव घेत उंबऱ्यावर कुंकवाची बोटं उठवायची. तू सगळं बघितलंयस.

हे गेले, आणि यंदा ह्यांचीच पहिली घागर. भाऊजींचा फोन आला, "घागर गावालाच भरायची, वहिनी. सुरत काय आपलं गाव आहे?" मी एरवी तोंडाची किती फटकळ, तुला ठाऊक आहे. पण त्या दिवशी नुसतं "बघू" म्हणून फोन ठेवला. राग आला होता.

त्यात माझ्या लेकाचं, निलेशचं लग्न. वर्षाच्या आत उरकलं नाही तर तीन वर्षं थांबा, म्हणून घाई. होणारी सून आरती इथल्याच डिंडोलीची, माणसं आपलीच खानदेशची, पण पोरीची जीभ निम्मी गुजराती. तिनं लग्नाआधीच्या फोटोंसाठी जागा काढली कुठली, तर कतारगाम दरवाजाजवळचं गोऱ्यांचं कब्रस्तान! अगं बाई, मी डोक्याला हातच लावला. घरात माणूस जाऊन वर्ष झालं नाही आणि ही पोरं थडग्यांसमोर हसणार? "मम्मी, ते बहु फेमस छे, सगळे तिथंच काढतात," म्हणाली. मी सोबत गेले ती रागानंच गेले.

फोनवर तू विचारलंस ना, रीलमधली त्या कब्रस्तानातली घुमटाची इमारत खरंच तेवढी भारी आहे का? भारी आहे, बाई. खाली-वर खांबांच्या ओवऱ्या, वर घुमट, मान मोडेपर्यंत बघावं लागतं. पण मोबाइलमध्ये दिसते तेवढी लख्ख नाही. गिलावा सुटलाय, कबुतरांची घाण आहे. आणि कुणा साहेबाच्या आणि त्याच्या लाडक्या बायकोच्या प्रेमाची गोष्ट सांगतात, ती तर निव्वळ थाप. तिथला रखवालदार उत्तर प्रदेशचा. त्याला मी विचारलं, तर म्हणाला, "कौन सा प्यार, माताजी? कपड़े का धंधा करने आए थे, यहीं मर गए."

कापडासाठी आले आणि इथंच गेले. मी विचारलं, "इनके गाँव से कोई आता है?"

"कौन आएगा? बस, फोटोवाले."

मघापर्यंत ज्या पोरांवर मी चिडले होते, त्यांचं येणं मला बरं वाटायला लागलं. खोट्या गोष्टीसाठी का होईना, कुणीतरी येतं. मी चप्पल काढली, पिशवीतली पाण्याची बाटली काढली आणि पायरीवर थोडं पाणी ओतलं. नावं माहीत नव्हती, म्हणून नुसतं "प्या बाबांनो" म्हटलं. "मम्मी, शुं करो छो?" म्हणत आरती धावत आली. मी सांगितलं. तिनं उंच टाचांच्या सँडल काढल्या आणि माझ्याशेजारी उभी राहिली. त्यानंतर फोटो काही फारसे निघाले नाहीत.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे. दवाखान्यात शेवटच्या दिवसांत हे सारखे म्हणायचे, "मला घरी ने." मी म्हटलं, "जरा बरे व्हा, मग गाडी करून गावाला जाऊ." तर चिडले. "गावाला कशाला? घरी. नवागामला." इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांनी खोलीला घर म्हटलं, आणि मला त्यांना तिथं नेता आलं नाही. दवाखान्यातून थेट तापीच्या काठी नेलं. ते मला अजून सोसत नाही, सुनीता.

म्हणून घागर इथंच भरणार आहे. माझ्या उंबऱ्यावर पहिलं बोट ह्यांच्या नावाचं, मग मामंजींचं, सासूबाईंचं. त्या दोघांनाही इथंच बोलावणार आहे, येतील. भाऊजी रागावतील. त्यांना म्हणावं, वहिनीनं गाव सोडलेलं नाही, पण तिच्या माणसाला तहान लागली तर तो याच दाराशी येईल. येताना आपल्या शेतातलं एक डांगर आण, इथली ह्यांना पानचट लागायची.

आखाजीले येजो, सुनीता.