चुंबळीवरची तबकडी

१२ मे १९७४. गल्लीत घरे नऊ, माणसे त्रेपन्न.

गल्लीच्या तोंडाशी झुंबरबाईंची पिठाची गिरणी होती आणि तिला लागून आकारामचे दोन खोल्यांचे घर. गिरणी चालू झाली की त्या घरातली फरशी तळपायाला जाणवेल इतकी थरथरत असे. चौदा वर्षे कोणाचे काही अडले नव्हते. आकाराम उद्यमनगरातल्या एका फौंड्रीत साचे भरणारा कामगार. दिवसभराच्या धडधडीपुढे घरची थरथर त्याला विश्रांतीसारखीच वाटे. बोनसमधून त्याने एक जुना रेकॉर्ड प्लेअर घेतला, तेव्हा मात्र गिरणीचा एकेक फेरा त्याला मोजता येऊ लागला. सुई उडायची, गाणे दोन ओळी ओलांडून पुढे जायचे. तो हसून सोडून द्यायचा.

त्या रविवारी त्याला हसता येईना. जुन्या बाजारात, मोडक्या कंदिलांच्या ढिगाखाली, त्याला एक तबकडी सापडली. तिच्यावरच्या नावाशी तो थबकला. शेजारच्या कालिंदीबाईंचे नाव! पोरींच्या शाळेत वीस वर्षे गाणे शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी एकविसाव्या वर्षी एकच तबकडी गायली होती, हे गल्लीला ऐकून ठाऊक होते. ती बाजारात आली त्याच महिन्यात त्यांचे लग्न झाले. सासरच्या घरात तिचे नावही काढायचे नाही, असा दंडक होता. स्वतःचा तो आवाज बाईंनी कधीच ऐकला नव्हता.

आकाराम धावतच त्यांच्या ओट्यावर गेला. तबकडी हातात घेऊन बाईंनी तिच्या कडेवरून बोट फिरवले.

"आकाराम, पुढच्या रविवारी सकाळी मी नागपूरला जाते आहे. भाच्याकडे. कायमची."

"मग शनिवारपतोर ऐकवतो की तुमास्नी!"

"पण हिला तडा गेला आहे, बघ. सुई एकदा जरी उडून आपटली तरी संपले."

म्हणजे वाजवायची तर सुई एकदाही न उडता. बाईंचे गुडघे शेजारच्या ओट्यापलीकडे चालू देत नव्हते, आणि थरथर तर साऱ्या गल्लीला होती. त्या वर्षी वीजकपात होती. वीज असेपर्यंत लग्नसराईचे दळण उरकायला गिरणी अखंड चाले; वीज गेली की गिरणी थांबे आणि प्लेअरही मुका होई. आकाराम झुंबरबाईंकडे गेला.

"तीन मिण्टं गिरणी थांबिवशिला काय, मावशी?"

"भरल्या पोटी थांबली तर जात्याचा दगूड उचलाय लागतोय. तासभर जाईल." झुंबरबाईंनी पिठाने पांढरा झालेला हात रांगेकडे केला. "आन् मला काय इचारतोस? ह्यास्नी इचार."

रांगेत वीस-बावीस बायका डबे घेऊन उन्हात उभ्या होत्या. त्यांच्यात त्याची बायको धोंडुबाईही होती. आकाराम न विचारताच मागे फिरला. आपल्या गाण्यासाठी दुसऱ्याच्या श्रमाला थांबायला सांगण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे त्याला कोणी शिकवले नव्हते. उन्हातल्या त्या रांगेसमोर ते त्याला आपोआप उमगले. गिरणी चालायची आणि तबकडीही वाजायची. दुसरी वाट नव्हती.

फौंड्रीतला फिटर पिराजी त्याचा जिवलग. थरथर म्हटल्यावर पिराजीला एकच औषध ठाऊक होते, आणि उद्यमनगरात ते कोणीही सांगितले असते.

"इंजान हलाय लागलं तर काय करतोस? फौंडेशन बोल्ट! आवळायचा!"

मंगळवारी दोघांनी फरशी फोडली, सिमेंटमध्ये चार बोल्ट पुरले, त्यांवर लोखंडी घोडी बसवली आणि प्लेअर तिला आवळून टाकला. मग दुसरीच एक तबकडी लावली. आधी सुई तीनदा उडायची. आता ती सात वेळा उडाली.

"आनि आवळू या," पिराजी म्हणाला.

आवळले. नऊ वेळा.

इंजिन स्वतः हलते, म्हणून त्याला जमिनीशी बांधायचे असते. इथे जमीनच हलत होती आणि हे दोघे प्लेअरला तिच्याशीच जखडत होते. पण ज्या हातांनी पंधरा वर्षे फक्त आवळलेच, त्यांना सैल सोडणे सुचावे कसे?

बुधवार गेला, गुरुवारही गेला. शुक्रवारी सकाळी आकाराम पाण्याची वाटी फरशीवर ठेवून तिच्यात उठणाऱ्या बारीक वलयांकडे हताशपणे पाहत बसला होता. धोंडुबाई नळावरून आली. डोक्यावरची चुंबळ, म्हणजे जुन्या लुगड्याची वळलेली कडी, तिने फरशीवर टाकली आणि भरली घागर तिच्यावर टेकवली.

वाटीतले पाणी थरथरत होते. वीतभर अंतरावर, घागरीच्या तोंडाशी, पाणी आरशासारखे निश्चल होते.

"अगं!" आकाराम ओरडला. "हलू नगो! घागरीला हात लावू नगो!"

"येडं लागलं काय?"

"हे पानी का हलत न्हाई?"

धोंडुबाईला प्रश्नाचेच हसू आले. "खाली चुंबळ हाय की! वरनं घागर जड. दोनी पायजेत बघा. रिकामी घागर चुंबळीवरबी नाचती."

वर जड, खाली मऊ! आकाराम अनवाणीच सायकलवर बसला. फौंड्रीत भट्टीत परत जाणाऱ्या नापास मालात बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, एक जाड सपाट पाटी पडली होती. मिस्त्रीला सांगून त्याने ती आणली. पिराजीने पोराच्या सायकलची ट्यूब काढून दिली. ट्यूबची कडी, तिच्यावर पाटी, पाटीवर प्लेअर. पिराजीने पंप मारून ट्यूब दगडासारखी टणक केली, आणि वाटीतले पाणी पुन्हा नाचू लागले.

धोंडुबाईने अंगठ्याने ट्यूब दाबली. "भाकरीगत कडक कशाला केली? पुरनाच्या कनकीगत ठेवा."

हवा सोडली. पाणी थांबले!

आता आवाज वाढवला, तर पाटीवरच ठेवलेल्या स्पीकरच्या हादऱ्याने सुई घुमू लागली. पिराजीने वर पाहिले. तुळईला पाळण्याचा रिकामा आकडा होता. स्पीकर दोरीने त्याला टांगला, आणि घुमणे जागच्या जागी बंद झाले. पिराजीने आकारामच्या पाठीत असा रट्टा घातला की तो कळवळला आणि हसत सुटला.

शनिवारी चार वाजता कालिंदीबाई काठी टेकत आल्या. दारात अर्धी गल्ली जमली. पलीकडे गिरणी पूर्ण वेगात चालू होती. आकारामने श्वास रोखून सुई ठेवली.

खरखर झाली, आणि त्या खरखरीतून एकवीस वर्षांच्या मुलीचा स्वच्छ, धीट आवाज वर आला. तड्यावरून जाताना सुई टक् करत होती, पण उडत नव्हती. तानेमागून तान सुटली. पिराजीने आकारामचा दंड इतका आवळला की वळ उठले.

शेवटची सम आली. सुई आत सरकून थांबली.

"घाई करते आहे ही मुलगी," कालिंदीबाई म्हणाल्या. डोळे वाहत होते, पण स्वर शिक्षिकेचाच होता. "पण गाते. गाते हो!"

"आनि एकदा!" दारातून आरडा झाला. आकारामने सुई उचलली, आणि तेवढ्यात वीज गेली. गिरणीही थांबली. रात्रभर वीज आली नाही. सकाळी आकारामने तबकडी चादरीत गुंडाळून बाईंच्या हाती दिली. ती त्यांचीच होती.

पुढे गल्लीत आणखी तिघांनी प्लेअर घेतले आणि तिघांनीही खाली तशीच ट्यूब घातली. तिला सगळे 'आकारामची चुंबळ' म्हणतात. आकारामने ते नाव कधी दुरुस्त केले नाही.

त्या शनिवारी चार वाजता दळणाचा नंबर लागणार होता, म्हणून धोंडुबाई गिरणीच्या रांगेत उभी होती. तिला बोलावून आणावे, तिचा डबा धरून कोणी उभे राहावे, हे कोणाला सुचले नाही; आकारामलाही नाही. तबकडी नागपूरला गेली. धोंडुबाईने ती ऐकलेली नाही. ते देणे बाकी आहे.