त्याचं 'परत' कुठलं?

मंडळी, परभणीच्या कोर्टात माझी सगळी वकिली बांधाच्या आणि वाटणीच्या दाव्यांची. पण आज गंगाखेडहून एक काकू आल्या आणि अमेरिकेच्या व्हिसानं माझा पार पिट्टा पाडला.

काकांचं ऑपरेशन ठरलंय. मुलगा तिकडं नोकरीला. त्याचा निरोप काकूंनी मोबाइलवर ऐकवला, "आई, व्हिसा संपलाय. आत्ता निघालो तर परत येता येईल का, सांगता येत नाही."

काकू लय चिडल्या होत्या. "आपल्याच देशात लेकराला येऊ देईनात? अर्ज करा की वकीलताई!"

अर्धा तास समजावलं. काकू, इकडं यायला त्याला कुणाचीच आडकाठी नाही. पासपोर्टवरच्या व्हिसाच्या शिक्क्याची मुदत संपली तरी नोकरी आणि राहायची परवानगी आहे तोवर तिकडं राहताही येतं. पण एकदा बाहेर पडला की पुन्हा तिकडं शिरायला नवा व्हिसा लागतो. तो कधी मिळेल, मिळेल का, हे मलाही माहीत नाही.

काकूंनी लेकाचा निरोप पुन्हा लावून ऐकला. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी त्याचं 'परत' तिकडचं हाय व्हय?"

कायद्याचं विचारत होत्या तोवर मी उत्तरं देत होते. याचं काय द्यायचं, तुमीच सांगा.