पाटावरचं पिस्तूल

शालूबाईला गाव तोंडाळ म्हणतं. म्हणू दे. नवरा गेल्यावर कान्हे गावाजवळची भातखाचरं तिनं एकटीनं कसली, तेव्हा यातला एकजणही बांधाला फिरकला नव्हता. मी तिची शेजारीण. तिच्या शिव्या मीही खाल्ल्यात, तरी बाजू तिचीच घेणार.

ग्रामपंचायतीची मुदत संपली, प्रशासक बसला. निवडणूक कधी, कुणालाच ठाऊक नाही. तेवढ्यात प्लॉटिंगवाल्या अमृतशेठला सरपंचकीचे डोहाळे लागले. त्यानं पोरं जमवली. त्यांना जेवणावळी, गाडी आणि कमरेला गावठी पिस्तूल. समोरच्या पार्टीनंही तेच केलं. अंधार पडला की बायका दुकानापर्यंत जाईनात. डोक्यात जातं माझ्या हे!

खंडेनवमीला अवजारांची पूजा. शालूबाईनं कोयता, विळा, खुरपं धुऊन पाटावर मांडलं. कुंकू लावत होती, तर तिच्या स्वराजनं टॉवेलातून पिस्तूल काढून शेजारी ठेवलं.

"आई, ह्याला बी कुंकू लाव. शेठनं दिलंय."

त्या मूर्खाला वाटलं, आई खूश होईल!

"ह्यानं काय कापायचं रं? भात का मानूस?"

"अजून न्हाई कुनाला..."

"अजून?"

तिनं त्याच्या कानाखाली वाजवली, पिस्तूल टॉवेलात गुंडाळलं आणि माझ्या दारात आली. "स्कूटी काढ. पोलीस ठान्यात जायचंय."

"मावशी, पोरगा आत जाईल."

"जाऊ दे. मरून न्हाईतर मारून येन्यापरीस आत गेलेला बरा."

स्वराज रडत मोटारसायकलवरून मागं आला. हवालदारानं पिस्तूल ठेवून घेतलं, त्याला बाकावर बसवलं, त्याचं नाव लिहिलं.

"आता देनाऱ्याचं लिवा," शालूबाई म्हणाली. "अमृतशेठ."

"मावशी, उगाच मोठ्या माणसांची नावं घेऊ नका."

"साहेब, शेठनंच दिलं," स्वराज बाकावरून म्हणाला.

हवालदारानं ऐकलं आणि पेनाला टोपण लावलं. माझ्या अंगाची लाहीलाही झाली. गरिबाचं पोर तेवढं सापडतं यांना!

शालूबाईनं पदर खोचला आणि टेबलासमोर फरशीवरच बसकण मारली.

"पोटचं पोर मी सोता आनून दिलं तुला," ती म्हणाली. "आता शेठला तू आन. तवर मी हितनं हलत न्हाई."