अकरा बरण्या

गेर्गिनानं आईच्या बरण्या कचऱ्यात टाकल्या, आणि वर पेपरात तिचा फोटोही छापून आला.

फोटो झकास होता. शहरात नव्यानं बसवलेल्या हिरव्या घुमटासारख्या डब्यापुढं ती उभी, हात वर, हातात रिकामी बरणी. खाली तिचीच ओळ : ‘काच मातीत मुरत नाही, म्हणून काच इथं द्या.’ जिल्ह्याच्या साप्ताहिकात शेवटच्या पानावर ती एकोणीस वर्षं लिहीत होती. पाणी कसं वाचवावं, शिळ्या पावाचं काय करावं, जुन्या चादरीच्या पिशव्या कशा शिवाव्यात. लिहून लिहून बाई आंबली होती. लोक वाचायचे, मान हलवायचे आणि त्याच पेपरात मासळी गुंडाळायचे.

पण या खेपेला लोकांनी ऐकलं, आणि तिथंच घोळ झाला.

आमच्याकडं ऑगस्ट सरत आला की अख्खा बल्गेरिया मिरच्या भाजायला बसतो. अंगणात, गच्चीवर, पाचव्या मजल्याच्या सज्जातसुद्धा. भाजलेली लांब तांबडी मिरची सोलायची, टोमॅटोच्या गरात घालून आटवायची, काचेच्या बरण्यांत भरून झाकणं आवळायची. त्या चटणीवर, लुतेनित्सावर, हिवाळा काढायचा. आणि गावाकडच्या आईची बरणी शहरातल्या लेकीनं रिकामी, धुऊन, झाकणासकट परत न्यायची. हे कुणी शिकवत नाही, दूध पिता पिताच कळतं.

गेर्गिनाच्या आईचा, नेद्याल्काबाईचा, शनिवारी सकाळी फोन आला.

“फोटू बघितला तुजा. शेजारच्या वेलिकानं आणून दाकवला.”

“बरा आलाय का?”

“तुजा न्हाई गं, बरणीचा बघत हुते मी. माजीच हाय ती. कडंला टवका उडालाय, त्यो दिसतोय. बाकीच्या कुटं हाईत?”

गेर्गिनानं रिकाम्या सज्जाकडं बघितलं.

“त्रेचाळीस हुत्या तुज्याकडं,” आई म्हणाली. “हितं टमाटी पिकून फुटाया लागलीत. मिरच्या वाळवणावर न्हाईत घालायच्या मला. सोमवारपातुर बरण्या घिऊन ये, न्हाईतर समदं डुकराला जाईल.” आणि फोन ठेवला. नेद्याल्का ब्याऐंशीची होती, पण फोन ठेवायची तिची रीत विशीतलीच होती.

दुकानात बरण्यांची फळी मोकळी. “तुमचंच वाचून सगळ्यांनी घरातली काच टाकली की हो,” दुकानदारीण म्हणाली, “आणि आता सगळ्याच बरण्या मागतात. पुढच्या आठवड्यात माल येईल.” पुढचा आठवडा टोमॅटोला कोण सांगणार?

मग ती डब्याकडं गेली. डब्याला वर डोकं जाईल एवढं भोक. तिनं कोपरापर्यंत हात घातला. आत नुसता चुरा खळखळला. मागून खोकल्याचा आवाज आला. तिच्याच इमारतीतला तळमजल्याचा म्हातारा मिंचो, बनियनवर, हातात सूर्यफुलाच्या बिया.

“काय ताई, आता बाहेर काढायचाबी लेख येणार का?”

“मिंचोदादा, गप बसा. आईच्या बरण्या आहेत.”

“आईच्या?” म्हाताऱ्यानं बी थुंकली. “आईच्या बरण्या टाकल्या तू? बायको टाकलेली माणसं बघितली मी, पण हे नवीनच.”

तरी त्यानंच तळघरातून तीन बरण्या आणून दिल्या. मग ती दारोदार फिरली. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं दार उघडून नुसतं हिरव्या डब्याकडं बोट केलं. तिसऱ्यावर दोन मिळाल्या, त्यातली एक मधाची, वास न गेलेली. शेजारच्या जिन्यातल्या घरांतून चार. शाळेच्या स्वयंपाकिणीकडं दोन. रविवारी पाय सुजेपर्यंत हिंडून झाल्या अकरा.

सोमवारी बसमधून उतरून ती अंगणात आली तेव्हा नेद्याल्का चुलाण्यापाशी लाकडं रचत होती. तिनं पिशवीत बघितलं. बोटानं मोजायचीसुद्धा गरज नव्हती.

“एवढंच?”

“एवढंच.”

द्राक्षाच्या मांडवाखाली टोमॅटोच्या नऊ पेट्या होत्या. वर चिलटं. म्हातारीनं वरची पेटी ओढून फुटलेले टोमॅटो बाजूला काढले. मग म्हणाली, “मोटं पातेलं काड. मायंदाळ आटवायचं. त्रेचाळिसाचं अकरात बसवायचं म्हंजी दिस मावळंपातुर ढवळाय लागंल. आलटून पालटून.”

पत्र्यावर मिरच्या तडतडल्या. सोलताना बोटं काळी झाली. दुपारी पातेलं काठोकाठ भरलं आणि लाकडी वल्हं हातात आलं. लाल रस उसळी मारून हातावर उडायचा, फोड यायचे. एक दमली की दुसरी. ब्याऐंशीची एक आणि अठ्ठावन्नची एक, पण धाप दोघींना सारखीच. दर तासाला पातेलं दोन बोटं खाली जाई, आणि गेर्गिनाच्या मनात येई की एवढी लाकडं जाळून आपण नक्की काय वाचवतोय. हे लेखात लिहिता आलं नसतं.

चारच्या सुमारास तिनं वल्हं न थांबवताच सांगून टाकलं.

“आये, ते पेपरसाठी नव्हतं. पेपर नंतर आला. पोरगा जर्मनीला गेल्यापासून खाणारं कुणी नाही. सज्जात बरण्यांचा ढीग, तू भरून देतीस, मी रिकाम्या आणते, चार मजले चढ-उतर. एका दिवशी वीट आला. पोत्यात भरल्या आणि नेऊन टाकल्या. तिथं फोटोवाला भेटला, मग म्हटलं, लेख तरी होईल.”

आई दगडावर बसून मिरचीचं साल काढत होती. हात थांबला नाही.

“मलाबी आलाय वीट.”

“मग लावतीस कशाला एवढी?”

“जमीन मोकळी ठिवली की तण माजतंय. तण काडायचाबी वीटच हाय.” तिनं साल चुलीत फेकलं. “ढवळ, करपंल.”

सूर्य मांडवाच्या खाली आला तसं वल्हं जड झालं. म्हातारी उठली, वल्हं हातात घेतलं आणि पातेल्याच्या तळातून एक रेघ ओढली. रेघ लगेच भरून आली. “वाट पडंना अजून.” आमच्याकडं लुतेनित्सा झाली का नाही हे घड्याळावर ठरत नाही. तळाला वाट पडली आणि ती मिटली नाही, म्हणजे झाली. आणखी तासभर दोघी ढवळत राहिल्या. मग एकदा वाट पडली, तळाचं ॲल्युमिनियम दिसलं, आणि दिसतच राहिलं.

भरल्या तेव्हा अकराव्या बरणीत जेमतेम गळ्यापर्यंत आलं. पातेल्याच्या कडेचं पावानं पुसून दोघींनी उभ्या उभ्या खाल्लं. इतकी दाट लुतेनित्सा गेर्गिनानं कधी खाल्ली नव्हती. तोंडात गोडी नि धूर राहिला, पण जबडा हलवायचंसुद्धा जिवावर आलं होतं.

शेवटच्या बसची वेळ झाली. तिनं सवयीनं पिशवी पुढं केली.

नेद्याल्कानं बरण्या एकेक करून घरातल्या फडताळात लावल्या आणि त्याचं दार ओढून घेतलं.

“तुला एकबी द्यायची न्हाई,” ती म्हणाली. “खावंसं वाटलं तर हितं येऊन खायाचं.”

“दर आठवड्याला बस धरू मी? या गुडघ्यांनी?”

“मग काय, माज्या गुडघ्यांनी येतीस व्हय?”

बसचा हॉर्न वाजला. गेर्गिना रिकामी पिशवी काखेत मारून फाटकाकडं निघाली. चालता चालता तिनं विचारलं, “बसला रविवार बरा का गुरुवार?”

“गुरुवार,” आतून आवाज आला. “रविवारी गर्दी असती.”