बर्फाच्या पाण्यातली डाळ

लोक मला विचारतात, "खाला, तुमच्याकडे इतके किस्से साठतात कुठून?" मी सांगते, "डाळ शिजत नाही म्हणून!"

हसू नका. बर दुबईतल्या आमच्या गल्लीत त्या काळी पाणी यायचं गाढवावर, डब्यांतून. विहिरीचं, मचूळ. त्यात तुरीची डाळ टाकली की सकाळ सरून जायची, पण दाणा काही मऊ व्हायचा नाही. मग स्टोव्हभोवती बायका बसायच्या. कोणी लसूण सोलायची, कोणी तांदूळ निवडायची, कोणी नुसतीच बसायची. नुसती बसणारी ती मी!

समोरचे दाऊद चाचा दाभोळचे. जन्मभर गलबतावर तांडेल होते. ते उंबऱ्याबाहेर स्टूल टाकून आपल्या वादळाची गोष्ट सुरू करायचे. दाभोळला शीड चढायचं, मस्कतच्या अलीकडे तुफान यायचं, डोलकाठी मोडायची, आणि सगळे अल्लाहचं नाव घेत कसेबसे किनाऱ्याला लागले की इकडे डाळ शिजायची. आम्हाला घड्याळ लागत नव्हतं.

अशाच एका वर्षी आमच्या गल्लीने एका परक्या गावाची हवा जोखली. गाव नॉर्वे देशातलं, डोंगरावरचं, बर्फातलं. आमच्यातल्या एकानेही ते पाहिलं नव्हतं. म्हणून काय झालं? बोलायला काय बघावं लागतं?

*

झालं असं. भिंतीपलीकडचा रशीद नॉर्वेच्या मालवाहू जहाजावर ऑइलमन होता. त्याची मुलगी मरियम, दुसरीत शिकणारी, माझ्या मांडीवर वाढलेली. तिला दमा. धुळीचा वारा सुटला की तिच्या छातीत शिट्टी वाजायची. डॉक्टर म्हणाले, "इथली धूळ आणि दमट हवा हिला मानवत नाही. कोरड्या, स्वच्छ, थंड हवेत न्या." गावी रत्नागिरीला पाठवली, तर पावसात दुप्पट त्रास. रशीदने हे जहाजावरच्या इंजिनियर साहेबाला सांगितलं. साहेब म्हणाला, "माझ्या गावी ये. भावाची लाकडाची मिल आहे, मशिनवर काम देतो. मुलीला घेऊन ये."

रशीदची बायको जुबैदा एका पायावर तयार! पण दादी, म्हणजे रशीदची आई, हो म्हणेना. आणि आईच्या होकाराशिवाय रशीद पाऊल उचलणाऱ्यातला नव्हता. दादी स्वतः जाणार नव्हतीच. तिचा थोरला मुलगा खाडीपलीकडे देऱ्याला होता. "मी या वयात बर्फात काय करू? पण पोरीला न बघितलेल्या हवेत कशी धाडू?"

साहेबाने गावाचा फोटो दिला होता. डोंगर, लाकडी घरं, सगळीकडे पांढरं. फोटो गल्लीभर फिरला.

दाऊद चाचांनी तो लांब धरला, जवळ धरला. "धूर बघा. सरळ वर चाललाय. वारा नाही. बंदर सुरक्षित!"

"चाचा, तिथं बंदर नाही, डोंगर आहे."

"मग डोंगर सुरक्षित!"

दादीने फोटो हातात घेतला. खूप वेळ बघितला. "काय रे, माणसं कुठायत?"

"घरात, अम्मा. शेगडीपाशी."

"हवा चांगली म्हणतोस, आणि सगळी दारं लावून आत बसलीत! आतच बसायचं तर इथं बसा!"

*

थंडी म्हणजे नेमकी किती, हे कळावं म्हणून मीच तोड काढली. बर्फाच्या कारखान्यातून गोणपाटात गुंडाळून एक लादी आणवली. घमेल्यात ठेवली. म्हटलं, "जुबैदा, ठेव गो पाय. बघू किती वेळ टिकतेस."

जुबैदाने पाय टेकवला आणि "या अल्लाह!" म्हणून अशी उडाली की तिची ओढणी माझ्या डोक्यावर!

मग मरियमने आपण होऊन दोन्ही पाय ठेवले. आणि काढेचना. आम्ही सगळ्या तिच्याकडे बघतोय.

"थंड वाजतंय का, बाय?"

"No, Khala. It is nice cold."

ती इंग्रजी शाळेत जायची ना, खुशीत असली की इंग्रजी!

एवढ्यात बर्फ आल्याची बातमी गल्लीत गेली. जो तो पेला घेऊन हजर. कोणी सरबत केलं, कोणी साखर आणली. हवेची परीक्षा तिथेच खलास! चाचा पेला रिकामा करून म्हणाले, "रशीद, हवा फर्स्ट क्लास आहे. फक्त जाताना लिंबं जास्त ने."

*

जुलैत जहाज आलं आणि रशीद खुद्द साहेबालाच जेवायला घेऊन आला. ऐन दुपारी! बिचारा दारात आला तेव्हा उकडलेल्या कोळंबीसारखा लाल. त्याला छतावरचा वारा खाली ओढणाऱ्या बुरुजाखाली बसवलं, दोन्ही बाजूंनी पंखे. आमची हवा त्याला विचारायची गरजच उरली नाही.

मी कालवण वाढता वाढता विचारलं, "साहेब, तुमच्याकडे तान्ह्या पोरांना थंडीत कसं जपतात?" रशीद एकेक वाक्य इकडचं तिकडे, तिकडचं इकडे सांगत होता.

साहेब म्हणाला, "दुपारी झोपवायला बाहेर ठेवतात."

"बाहेर म्हणजे ओसरीवर?"

"नाही, अंगणात. बर्फात. गाडीत पांघरूण घालून. झोप छान लागते, छाती मजबूत होते."

जुबैदाच्या हातातला पंखा थांबला. दादीने माझ्या कानाशी तोंड आणलं आणि साहेबाला ऐकू जाईल इतक्या हळू आवाजात म्हणाली, "विचार गो, सख्ख्या आया आहेत का त्यांना?"

रशीदने ते भाषांतर केलं नाही. पण साहेब शहाणा. म्हातारीच्या तोंडाकडे बघून त्याने खिशातून फोटो काढला. बर्फात उभी गाडी, त्यात पांघरुणातून नुसतं नाक बाहेर आलेलं बाळ. बोट स्वतःच्या छातीवर ठेवून म्हणाला, "मी."

दादीने साहेबाला आपादमस्तक न्याहाळलं. सहा फुटांचा गडी! मग तिने मुकाट्याने त्याच्या ताटात अजून एक पापलेट वाढलं.

*

रमजानचा प्रश्न चाचांनी काढला. तेव्हा रमजान ऐन थंडीत येत असे. रशीद म्हणाला, "चाचा, थंडीत तिथं दिवस एवढासा. जरा उजाडतं, की लगेच सूर्य बुडून मगरीब."

चाचा स्टुलावरून उठलेच. "म्हणजे पहाटेची सहरी पचायच्या आत इफ्तार? हबीबी, एवढी चांगली हवा असून इतके दिवस बोलला नाहीस?"

"पण उन्हाळ्यात सूर्य मावळता मावळत नाही, चाचा. रमजान फिरत फिरत उन्हाळ्यात आला की?"

चाचा परत बसले. जरा विचार केला. "मग असं कर. मला रिटर्न तिकीट काढ."

*

इतके दिवस सगळी थट्टाच चालली होती. मग एका सकाळी वारा सुटला.

तो वारा ज्यांनी बघितला नाही त्यांना काय सांगू? समोरचं घर दिसेना. दाराच्या फटीत आम्ही ओली फडकी कोंबली, तरी तांदळात रेती, तोंडात रेती. भिंतीपलीकडून मला ती शिट्टी ऐकू आली. धावत गेले. दादीने मरियमला ताठ बसवून छातीशी धरलं होतं. पोरीचे ओठ निळसर झाले होते. जुबैदा पाण्याची वाफ देत होती. रशीद समुद्रावर. वारा पडला तेव्हा पोरीचा श्वास हळूहळू सुटा झाला, आणि ती दादीच्या खांद्यावर डोकं टाकून झोपली.

दादी तशीच बसून राहिली. मग म्हणाली, "रशीदला सांगा, मला त्या गावचं पाणी आणून दे."

मला लगेच समजलं. आमच्या गावाकडची रीत आहे ती. मुलगी परगावी द्यायची तर घरातली जाणती बाई त्या गावच्या विहिरीचं पाणी मागवते आणि त्यात डाळ शिजवून बघते. डाळ शिजली तर पाणी चांगलं. पाणी चांगलं तर हवा चांगली, मुलगी सुखात राहील. माझ्या लग्नाच्या वेळी माझ्या आजीनेही शिजवली होती. माणसं खोटं बोलतात, फोटो खोटं बोलतात. डाळ बोलत नाही.

*

साहेब सुट्टीवर गावी गेला होता. परत आला तेव्हा त्याने रशीदच्या हाती बूच घट्ट लावलेली काचेची बाटली दिली. घरामागचा बर्फ वितळवून आणलेलं पाणी. "हे कशाला हवंय?" असं त्याने विचारलं होतं म्हणे. रशीदने सांगितलं, "माझ्या आईला डाळ करायचीय." साहेबाने पुढे काही विचारलं नाही. त्याचीही आई असणारच.

त्या सकाळी सगळी गल्ली आमच्या अंगणात! दादीने स्वतः डाळ धुतली, तीही त्याच पाण्याने, एक थेंब इकडचा नाही. मी शेजारीच बसून होते. नजर ठेवून! कारण मला एक शंका होती. म्हातारीचा जीव त्या पोरीत अडकलेला. डाळ शिजली तर पोर जाणार. जराशी मचूळ पाण्याची वाटी ओतली, तर कोणाला कळणार होतं? विहिरीच्या पाण्याचा डबा तिच्या हाताच्या अंतरावर होता. तिने एकदा त्याच्याकडे बघितलंही.

मग डबा तिने पायाने लांब सरकवला.

स्टोव्ह पेटला. चाचांनी घसा खाकरला. "तर आम्ही दाभोळहून निघालो. शीड चढवतोय..."

दादीने झाकण काढलं. पळीने दाणा उचलला, बोटांत धरला. दाण्याचं पीठ झालं!

"शिजली," ती म्हणाली.

"अहो पण मी अजून बंदरातच आहे!" चाचा ओरडले.

कोणी हसलं, कोणी "माशाल्ला" म्हणालं. दादीने पहिली वाटी मरियमला दिली. पोरगी फुंकर न घालता खाऊ लागली. मग दादी रशीदकडे वळली. "पाणी चांगलं आहे. घेऊन जा."

एवढंच. आणि ती स्टोव्ह पुसायला लागली. स्टोव्ह स्वच्छच होता.

*

निघायच्या दिवशी आम्ही सगळे खाडीवर. अब्रा म्हणजे ती पलीकडे देऱ्याला नेणारी छोटी होडी, ती भरत आली होती. मरियमच्या अंगावर आम्ही सगळ्यांनी मिळून शिवलेली गोधडी. त्या उन्हात! काढायला तयार नव्हती. चाचांनी खरोखरच लिंबं आणली होती, पिशवीभर.

जुबैदा होडीत चढली तसा दादीने पदराआडून हात काढला आणि एक बाटली तिच्या हातात दिली. तीच, साहेबाची. बूच घट्ट लावलेली, आत पाणी.

"हे काय, अम्मा?"

"आपलं विहिरीचं. तिथं डाळ टाकलीस की यातलं जरा जरा घालत जा."

"अहो अम्मा, हे घातलं तर डाळ शिजायची नाही!"

"ते काय मला ठाऊक नाही?" दादी म्हणाली, आणि होडीवाल्याकडे वळली, "यल्ला, चल, सोड!"